पाच माणसांची आमटी

पाथर्डी तालुक्यात डोंगराच्या पोटाशी धामणवाडी नावाचं साठ-सत्तर उंबऱ्यांचं गाव. तिथला सूर्यभान दहातोंडे म्हणजे पंचक्रोशीतला आमटीचा आचारी. सप्ता असो, लग्न असो, नाहीतर कुणाचं तेरावं, माणसं आधी सूर्यभानला विचारायची आणि मग तिथी धरायची. वय पन्नाशीला टेकलेलं, अंग दणकट, आवाज असा की पंगतीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या वाढप्याला शिवी देता यावी. भुवया मात्र विरळ होत्या. तीनदा जळून पुन्हा उगवलेल्या भुवया किती दाट असणार?

त्याची मापं पायलीची. डाळ पायलीने, मिरची शेराने आणि मीठ ओंजळीने. मीठ घालायच्या आधी तो काहिलीपासून, म्हणजे पंगतीच्या त्या भल्यामोठ्या कढईपासून, दहा पावलं लांब जाऊन उभा राहायचा. वाफ नाकात भरून घ्यायचा, डोळे मिटायचा, आणि मग तरातरा येऊन दोन ओंजळी मीठ आत सोडायचा. चव कधी घ्यायचा नाही. चव घेणाऱ्या आचाऱ्याला तो आचारी मानतच नसे. आणि पाचशे पानांत एकानेही कधी मीठ मागितलं नाही, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करत.

घरात मात्र साळूबाई, म्हणजे त्याची बायको, त्याला चुलीपुढे बसू द्यायची नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ती माहेरी गेली असताना सूर्यभानने एकट्यापुरतं पिठलं केलं होतं. ती आठ दिवसांनी परत आली तेव्हाही ते उरलेलं होतं. बैलांपुढे ठेवलं, तर बैलांनी तोंडं फिरवली.

एकाहत्तर सालच्या जानेवारीत, ज्वारी हुरड्यात आली असताना, गावाच्या ओढ्याकाठी एक सरकारी जीप आली. मागच्या ट्रॉलीतून दोन तंबू उतरले, चिंचेखाली उभे राहिले. ओढ्यावर पाझर तलाव बांधायचा म्हणून जमीन मोजायला आलेली ही माणसं. ओव्हरसियर राधाकृष्ण गंधे, नगरचे, शिडशिडीत आणि पोटाने नाजूक. त्यांच्या हाताखाली छगन आणि बन्सी असे दोन खलाशी, म्हणजे मोजणीचे गडी, आणि एक जीपचा ड्रायव्हर. आचारी सोबत निघाला होता, पण त्याला पाथर्डीतच हिवताप भरला आणि तो तिथेच राहिला. दोन दिवस चौघं चुरमुऱ्यांवर होते.

तिसऱ्या दिवशी छगन गावात आला आणि पारावर विचारता झाला, "गावात कोनी सैपाक करनारं हाय का?"

पारावरच्या सगळ्या माना एकदम सूर्यभानकडे वळल्या.

गंधेसाहेबांनी तंबूच्या दारात उभं राहून त्याला वरखाली पाहिलं. "स्वयंपाक येतो का?"

सूर्यभानला हे लागलं. "साहेब, मागच्या सप्त्याला साडेतीन हजार पान उठलंय या हाताखालून."

"वा वा! मग काय प्रश्नच नाही. आम्ही चार जण आहोत. तुम्ही पाचवे."

"चार?"

"चार."

सूर्यभानने मनातल्या मनात शंभर जोडून पाहिलं, पण साहेब बोटं दाखवत होते आणि ती चारच होती. त्याने मान डोलावली. दंगल मारणाऱ्या पैलवानाला पोरगं कडेवर घ्यायला कुणी शिकवावं लागतं का?

साळूबाईने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आवं, न्हाई म्हना. आत्ताच्या आत्ता जावा आन न्हाई म्हना."

"सरकारी मानसाला न्हाई कसं म्हनायचं?"

"मग मला न्या संगं."

"तू आल्यावर मी काय करू? पानी वाहू?"

"व्हय."

सूर्यभानने टोपी झटकली आणि एकटाच गेला.

गेल्या गेल्या त्याने कुदळ मागितली आणि चर खणायला घेतला. मोठ्या स्वयंपाकाला जमिनीत लांब चर खणतात, त्यात जाळ करतात आणि वर काहिली चढवतात. सूर्यभानने पाच हात लांब आणि गुडघाभर खोल चर काढला. छगन काठावर उभा राहून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "दादा, कुनाला पुरायचंय का?"

चरात बाभळीचे ओंडके पडले, जाळ धडाडला, आणि मग सूर्यभानने भांडं मागितलं. बन्सीने ॲल्युमिनियमचं एक पातेलं आणून दिलं. मांडीवर मावेल एवढं. सूर्यभान ते दोन्ही हातांत धरून चराच्या काठाने एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे चालला. ठेवायला जागाच नव्हती, कुठेही ठेवलं तरी आत पडणार. अखेर मोजणीवाल्यांच्या दोन पहारी आडव्या टाकून त्यांवर पातेलं बसवलं. जाळाने चिंचेची खालची पानं करपली आणि पातेल्याचा तळ लाल झाला. आमटी उकळली कधी आणि आटली कधी ते कुणालाच कळलं नाही. मीठ घालायची वेळ झाली तेव्हा सूर्यभान रिवाजाप्रमाणे दहा पावलं मागे गेला. नाकात काहीच येईना. पाच पावलांवर आला, तरी येईना. मग वाकून पातेल्यातच नाक घातलं, आणि डावी भुवई चौथ्यांदा गेली.

मीठ एकच ओंजळ घातलं होतं. त्याच्या मते ते फारच कमी होतं.

गंधेसाहेबांनी एक घास घेतला. बराच वेळ तो तोंडात ठेवला. ते सज्जन होते, म्हणून नुसतं एवढंच म्हणाले, "मीठ जरा..."

"कमी पडलं का?"

साहेब तांब्या तोंडाला लावून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मिठाच्या भीतीने सूर्यभानने मीठच घातलं नाही, आणि भात असा लावला की तो झाकण डोक्यावर घेऊन पातेल्याबाहेर आला. भाकरीचा तर प्रश्नच नव्हता. भाकरी त्याला येतच नव्हती. गावजेवणाची रीतच अशी, की आमटी काहिलीतली आणि भाकरी ज्याच्या त्याच्या घरून येणारी. साहेबांनी रात्री पोटावर हात ठेवून हळूच म्हटलं, "सूर्यभान, उद्या नुसती खिचडी करा. थोडी." त्या 'थोडी'ने सूर्यभानला फार वाईट वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

इकडे साहेबांना दुसराच घोर लागला होता. खलाशी दिवसभर ओढ्याच्या दोन्ही अंगांना मापं धरून खुंट्या ठोकायचे. हातभर लांब, एकसारख्या तासलेल्या आणि टोकाला लाल रंग दिलेल्या. सकाळी उठून बघावं तर त्यातल्या कितीतरी जागेवर नसायच्या. गावात विचारलं तर कुणाला काहीच माहीत नसे. तशी सगळ्यांना माहिती होती. ओढ्यालगत मनकर्णाबाईची पाच एकर जमीन होती. साठीची विधवा बाई, जिभेला धार, आणि मनात एकच हिशेब पक्का बसलेला: जिथं सरकारची खुंटी, तिथं पाणी, आणि जिथं पाणी, तिथं आपलं रान बुडालं. नात्याने ती सूर्यभानची लांबची चुलती. सगळा गाव तिला नानी म्हणायचा आणि तिच्यापुढे शहाणपणा करायला भ्यायचा.

स्वयंपाकाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब आणि मंडळी दुर्बीण घेऊन रानात गेली, आणि सूर्यभान त्या एवढ्याशा पातेल्याकडे बघत बसला. बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की आपण कमी करायला जातो तिथंच चुकतं. मग कमी करायचंच कशाला?

तो उठला, बैलगाडी जुंपली आणि देवळामागची गावकीची काहिली गाडीत घातली. दारावरून गाडी जाताना साळूबाई उंबऱ्यात उभी होती.

"कुठं?"

"तळावर."

"किती जनांसाठी?"

सूर्यभानने बैलाची शेपटी पिरगाळली. साळूबाई आत वळली आणि तिने पिठाचा डबा खाली काढला.

तळावर येऊन त्याने शिध्याची पेटी उघडली. तूरडाळ होती तेवढी काहिलीत घातली. कांदे सगळे निखाऱ्यावर भाजले. खोबरं, लसूण, मिरच्या पाट्यावर वाटल्या. घरून आणलेला येसूर, म्हणजे बाजरी आणि मसाले भाजून केलेली पूड, मोकळ्या हाताने सोडली. किती दिवसांनी हाताला मोकळं वाटलं! पण काहिली मोठी, तिला जाळही तसाच लागणार, आणि बाभळीचे ओंडके संपत आलेले. आता काय करावं म्हणून तो उभा राहिला, तोच समोरून मनकर्णाबाई डोक्यावर मोळी घेऊन आली.

"सरपन पायजे न्हवं सूर्यभाना? घे." तिने मोळी धाडकन टाकली.

"नानी, तुमी कशाला तरास घेतला?"

"आरं, घरात पडून हुतं. सरकारी मानसं उपाशी राह्यली तर गावाला दोष."

लाकडं फार सुरेख होती. वाळलेली, तासलेली, सगळी एका मापाची. निवडलेल्या गव्हासारखं सरपण सूर्यभानने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. नानीचं काम किती नेटकं, असं म्हणत तो ती चरात सारत राहिला. आमटी रटरटायला लागली. तो दहा पावलं मागे गेला, डोळे मिटले, आणि वाफ आपण होऊन नाकात आली. मीठ पडलं. बरोबर पडलं. सूर्यभान एकटाच हसला.

दिवस कलायला आला तेव्हा मंडळी परतली. गंधेसाहेब काहिलीपाशी येऊन थांबले.

"हे काय?"

"आमटी."

"किती जणांची?"

"आपल्या पाच जनांची." मग जरा थांबून तो म्हणाला, "उरंल थोडी."

"डाळ कुठली घेतलीत?"

"पेटीतली."

"सगळी?"

सूर्यभान काहिलीत लांब दांड्याचा पळा फिरवत राहिला. साहेब एका धोंड्यावर बसले. "अहो, पंधरा दिवसांची होती ती." त्यांच्या आवाजात राग नव्हता, राग यायला लागणारी ताकदच नव्हती. "आणि आज आणखी खुंट्या गेल्या. चाळीसच्या वर झाल्या आता. उद्या मला वर कळवावं लागेल. पोलीस येतील, चौकशी होईल. मला हे नको होतं."

सूर्यभान जाळ सारायला खाली वाकला. शेवटच्या चार लाकडांतलं एक त्याच्या हातात आलं, आणि त्याच्या टोकाला लाल रंग होता.

त्याने ते उलटं केलं, सुलटं केलं. बाकीच्यांची टोकं तासून काढलेली होती. हे एक नानीच्या नजरेतून सुटलं होतं. सरकारची आमटी सरकारच्याच खुंट्यांवर शिजत होती आणि जाळ घालणारा तो स्वतः होता! सांगावं तर नानी गजाआड जाणार. न सांगावं तर आपण. तीन हातांवर साहेब बसलेले. सूर्यभानने लाकूड अलगद चरात सरकवलं, त्यावर एक गोवरी टाकली, आणखी एक टाकली, आणि धुरातून म्हणाला, "साहेब, धूर लई हुतोय. तुमी जरा पलीकडं बसा."

आमटीचा वास तोवर गावात पोचला होता. धामणवाडीच्या माणसाला काहिलीतल्या आमटीचा वास आला की त्याचे पाय आपोआप चालू लागतात. त्यात निमंत्रणाची भानगड नसते. पहिल्यांदा दोन म्हातारे 'सहज' म्हणून आले, पण त्यांच्या उपरण्यात भाकरी होत्या. मग पारावरची मंडळी आली, मग बायका, आणि मागून टोपलंभर भाकरी घेऊन साळूबाई. तलावाच्या धास्तीने गावाने इतके दिवस मोजणीवाल्यांशी बोलणं टाकलं होतं, पण आमटी समोर असताना अबोला धरता येत नाही. ओढ्याकाठी पंगत बसली. साहेबांनाही बसवलं.

गंधेसाहेबांनी भीत भीत घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग त्यांनी भाकरी कुस्करली, वर आमटी ओतून घेतली, आणि बोलणं बंद केलं. कान लाल झाले, नाकातून पाणी यायला लागलं, तरी हात थांबेना. तिसऱ्या भाकरीला छगनने ड्रायव्हरला कोपराने ढोसलं.

समोरच्या पंगतीत मनकर्णाबाई होती. ती साहेबांना न्याहाळत होती. जेवणाऱ्या माणसाला बोलायला हरकत नाही असं ठरवून तिने विचारलं, "साहेब, माजं रान किती बुडवनार तुमी?"

पंगतीतल्या सगळ्या माना साहेबांकडे वळल्या.

"कोणतं रान तुमचं?" साहेबांनी नाक पुसत विचारलं.

"वड्याच्या कडंचं. वर जरा खडकाळ हाय, आन खाली हीर हाय. हिरीत संक्रांतीनंतर बेडूक सुदिक राहत न्हाई."

साहेबांनी समोरची रिकामी परात ओढली. एका बाजूखाली दगड सारून ती तिरकी केली. साळूबाईच्या टोपल्यातून एक भाकरी घेतली, मोडली आणि तुकडे आडवे उभे करून परातीत बांध घातला. मग सूर्यभानकडे हात केला. "वाढा इथं."

"परातीत?"

"वाढा हो."

सूर्यभानने पळीभर आमटी बांधाच्या वरच्या अंगाला ओतली. ती तिथं तुंबली. सगळी पंगत उठून परातीभोवती गोळा झाली.

"हा तलाव. एवढाच. हा तुमचा खडकाळ तुकडा, एवढा जाईल, आणि त्याची भरपाई मिळेल. आता खाली बघा."

थोडा वेळ काही झालं नाही. मग भाकरीखालून आमटीचा एक लाल थेंब आला, दुसरा आला, आणि बांधाच्या खालच्या अंगाला परात हळूहळू ओली होऊ लागली.

"हे बघा, पाझरतंय! म्हणून पाझर तलाव. हे खाली जे येतंय ते तुमच्या विहिरीचं पाणी."

"ते भाकरी गळतीय म्हनून," एक म्हातारा म्हणाला.

साळूबाईने पदर खोचला. "माजी भाकरी गळत न्हाई! दुसऱ्या कुनाची लावून बघा."

मग दुसऱ्या दोन घरांच्या भाकऱ्या लावून पाहिल्या. त्याही पाझरल्या. तेव्हा कुठे साळूबाई खाली बसली आणि गावाला तलाव पटला.

मनकर्णाबाई मात्र परातीकडेच बघत होती. तिने खालच्या ओलीत बोट बुडवलं, चाटलं, आणि म्हणाली, "आसं हुतं व्हय. मग त्या खुंट्यांचं वाईट केलं मी."

सूर्यभानच्या हातातला पळा काहिलीत पडला.

"कोणत्या खुंट्यांचं?" साहेब म्हणाले.

"तुमच्या. ज्याच्यावर ही आमटी शिजली त्या."

साहेबांनी चराकडे पाहिलं. मग आपल्या ताटाकडे पाहिलं. छगनला ठसका लागला. "किती जळल्या?" साहेबांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"म्या कशाला मोजतीय? सूर्यभानानं घातल्या, त्यालाच इचारा."

"साहेब," सूर्यभान हात जोडून म्हणाला, "आईच्यान सांगतो, मला शेवटची एकच वळखू आली. बाकीच्या मी लाकूड म्हनूनच घातल्या."

"मग ती एक काढून का नाही ठेवलीत?"

"आमटी उकळीत हुती, साहेब."

गंधेसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसले, तिखट नाकात गेलं, तरी हसले. साळूबाईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा कुठे श्वास आला. "आता वर काय लिहू?" ते डोळे पुसत म्हणाले. "खुंट्या आमटीत गेल्या, असं लिहू?" आणि ताट पुढे केलं. "वाढा. आता सरकारचंच आहे सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून दोन कुऱ्हाडी आणि लाकूड तासायचा एक वाकस आला. दुपारपर्यंत लिंबाच्या नव्या पन्नास खुंट्या तासून तयार झाल्या. मनकर्णाबाई जातीने खुंटी धरून उभी राहिली आणि घणाखाली हात असतानासुद्धा छगनला सांगत राहिली, "हितं नको, दोन हात वर ठोक." छगनने हात जोडून सांगितलं, "नानी, जागा दुर्बीन ठरवती." तर ती म्हणाली, "मग दुर्बिनीला सांग."

डाळ तर संपली होती. म्हणून गावाने पाळी लावली आणि रोज एका घरून तळावर जेवण जायला लागलं. चहा-नाश्त्याची चूल साळूबाईने ताब्यात घेतली. तीन धोंडे मांडले, चार काटक्या घातल्या, आणि त्या एवढ्याशा पातेल्यात असा उपमा केला की साहेबांनी पातेल्याकडे नव्याने पाहिलं. सूर्यभान ओढ्यावरून पाणी आणायचा. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही, कारण वाटेत भेटेल तो त्या आमटीचंच बोलत असे.

पुढच्या साली दुष्काळ पडला आणि दुष्काळी कामावर धामणवाडीनेच माती वाहून तलावाची भिंत बांधली. पंचाहत्तरच्या फाल्गुनात मनकर्णाबाईच्या विहिरीला पुरुषभर पाणी होतं. तिने कांदा लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, मी सरकारला जागा दाखवली, असं सांगायला लागली.

त्याच उन्हाळ्यात गंधेसाहेबांचं कार्ड आलं. थोरल्या मुलीचं लग्न नगरला होतं, माणूस सातशे, आणि आमटी सूर्यभानचीच पाहिजे होती. सूर्यभान आणि साळूबाई पाथर्डीहून एसटीत बसले. सूर्यभानचा पळा पुरुषभर उंचीचा होता. तो खाली मावेना, वर मावेना, म्हणून सीटवर टेकवून ठेवला होता. कंडक्टर म्हणाला, "याचं अर्धं तिकीट पडंल."

सूर्यभान भांडायला उठला. साळूबाईने त्याला खाली बसवलं, पळा खिडकीतून बाहेर काढून हाताने घट्ट धरला आणि कंडक्टरला म्हणाली, "घ्या. आता गाडीत न्हाई तो."

नगर येईपर्यंत समोरून येणारी प्रत्येक गाडी त्यांच्या एसटीला वाट देत होती.